त्वचाप्रसाधनांतील आम्ले

मृत पेशी काढणे, छिद्रांत साचलेले तेल सैल करणे, डाग फिके करणे किंवा त्वचेत ओलावा टिकवणे यांसाठी प्रसाधनांत वापरली जाणारी सेंद्रिय आम्ले. फळे, आंबलेले दूध, झाडांच्या साली आणि धान्ये यांत ती निसर्गतः सापडतात, पण बाटलीत येणारी बहुतेक कारखान्यातच तयार होतात. ग्लायकॉलिक आम्लाच्या वेष्टनावर अनेकदा उसाची कांडी छापलेली असते. उसाच्या रसात ते असते हे खरे. बाजारातले ग्लायकॉलिक मात्र प्रामुख्याने रासायनिक संश्लेषणाने बनते. त्यात काही बिघडत नाही, रेणू तोच असतो.

निरोगी त्वचेचा पृष्ठभागही किंचित आम्लधर्मीच असतो. त्याचा सामू साधारण ५ असतो. सर्वांत वरचा थर मृत पेशींचा. खालून नव्या पेशी वर सरकतात, जुन्या गळून पडतात आणि हा फेरा सुमारे महिन्याभरात पुरा होतो. आम्लामुळे मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध ढिले पडतात आणि गळण्याला वेग येतो.

या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा गट अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये आंबट दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले होते, पण त्वचेसाठी या गटाचे महत्त्व पटायला पुढे जवळजवळ दोन शतके गेली. १९७४ मध्ये अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी इक्थिऑसिस या विकारावर ही आम्ले लावून पाहिली. या विकारात कातडी माशाच्या खवल्यांसारखी जाड आणि कोरडी होते. आम्ले लावल्यावर खवले सुटू लागले. आज चेहऱ्याच्या सीरममध्ये दिसणारे ग्लायकॉलिक अशा दुर्धर रोगाच्या उपचारातून पुढे आले आहे. गटात त्याचा रेणू सर्वांत लहान, म्हणून ते चटकन आत शिरते आणि चुणचुणतेही जास्त. लॅक्टिक त्यामानाने सौम्य. मँडेलिकचा रेणू ग्लायकॉलिकच्या दुप्पट जड, त्यामुळे ते सावकाश उतरते. नाजूक त्वचेला ते अधिक मानवते.

सॅलिसिलिक आम्लाचे घराणे वेगळे. विलो वृक्षाच्या सालीतून १८२८ मध्ये योहान बुखनर यांनी सॅलिसिन मिळवले आणि १८३८ मध्ये राफाएले पिरिया यांनी त्यापासून हे आम्ल तयार केले. ॲस्पिरिन त्याच कुळातले, म्हणून ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी यापासून जपून राहावे. ते तेलात मिसळते आणि तुंबलेल्या छिद्रात उतरते. मुरुमे व ब्लॅकहेड्स यांवर त्याचा भर आहे तो यामुळेच.

मात्रेने किती फरक पडतो हे औषधाच्या दुकानात याच आम्लावरून कळते. मुरुमांच्या फेसवॉशमध्ये ते साधारण २ टक्क्यांपर्यंत असते. गजकर्णावरच्या जुन्या व्हिटफील्ड मलमात बेंझोइक आम्लाच्या जोडीला ३ टक्के. तळपायाच्या भोवरीवर चिकटवायच्या पट्टीतल्या चकतीत मात्र ४० टक्के, आणि काही दिवसांत ती निबर कातडी पांढरीफटक व मऊ करून सोडते. मधुमेह असणाऱ्यांनी ही पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

तरीही टक्केवारी हे अर्धेच उत्तर. आत शिरते ते मुक्त स्वरूपातले आम्ल, आणि ते किती मुक्त आहे हे सामू ठरवतो. सामू ३.५ असेल तर ग्लायकॉलिकचा सुमारे दोन तृतीयांश भाग मुक्त असतो. सामू ५ असेल तर जेमतेम ६ टक्के. म्हणजे ३.५ सामूचे ५ टक्क्यांचे सीरम ५ सामूच्या १० टक्क्यांच्या सीरमपेक्षा कितीतरी तिखट. पुष्कळ बाटल्यांवर टक्के ठळक छापतात आणि सामूचा उल्लेखही नसतो. ही उणीव गंभीर आहे. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी ग्लायकॉलिक व लॅक्टिक यांची मर्यादा १० टक्के आणि सामू किमान ३.५ अशी सुचवली आहे.

ॲझेलेइक आम्लाचा शोध शिब्यांशी जोडलेला आहे. शिबे मॅलासेझिया या बुरशीमुळे उठतात आणि तिथली कातडी फिकी पडते. तो रंग कशाने उतरतो हे शोधताना १९७० च्या दशकात इटलीतील संशोधकांचे लक्ष या आम्लाकडे गेले. मुरुमांवर त्याचे २० टक्क्यांचे मलम वापरतात. गरोदरपणातही डॉक्टर ते सुचवू शकतात, हा त्याचा मोठा गुण. कोजिक आम्ल जपानी कोजी बुरशीतून आले. ट्रॅनेक्सॅमिक हे मुळात रक्तस्राव थांबवायचे औषध. ओकामोतो दांपत्याच्या संशोधनातून मिळालेले हे औषध आता वांगावरही वापरतात.

नावात आम्ल असले तरी हायलुरॉनिक काहीही सोलून काढत नाही. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना ते गायीच्या डोळ्यात सापडले. पाणी धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. ॲस्कॉर्बिक, म्हणजे क जीवनसत्त्व, हवेने आणि उजेडाने खराब होते. सीरम तपकिरी झाले की टाकून द्यावे. रेटिनॉइक आम्ल तर सरळ औषधच. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये आणि गरोदरपणात लावू नये.

भारतीय त्वचेत रंगद्रव्य भरपूर असते. आम्लाने आग झाली, की ती शमल्यावर मागे काळे डाग उरतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवायला घेतलेल्या बाटलीनेच डाग वाढतात, ते असे. घरात सर्रास चोळले जाणारे लिंबू याहून घातक: त्याच्या रसाचा सामू २ ते ३ इतका खाली असतो, आणि सालीतील द्रव्यांवर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येऊ शकतात. अल्फा हायड्रॉक्सी आम्लांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. १० टक्के ग्लायकॉलिक चार आठवडे लावल्यावर अतिनील किरणांची संवेदनशीलता सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवले आहे. वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली.

म्हणून नवे आम्ल एका वेळी एकच घ्यावे, आधी कानामागे लावून पाहावे, आठवड्यातून दोनदा रात्री वापरावे आणि दिवसा सनस्क्रीन चुकवू नये. पार्लरमध्ये पील करण्याआधी कोणते आम्ल, किती टक्के आणि सामू किती, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत; उत्तर मिळाले नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.