पुण्याने अमेरिका कशी वाचली

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एक ठराविक संवाद सुरू होतो. मुलगी म्हणते, मी कला शाखेत इंग्रजी घेईन, अमेरिकन साहित्य शिकेन, सिनेमाचा अभ्यास करीन. अब्बा विचारतात, त्याने पोट भरेल का? अम्मी विचारते, परक्या मुलखाच्या कादंबऱ्या वाचून नि सिनेमे पाहून आपल्याला काय मिळणार? अब्बांच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ. अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुण्याच्या इतिहासातच आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून हा लेखप्रपंच.

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. परंतु या शहरात अमेरिकेचे वाचन त्याच्या शंभर वर्षे आधी सुरू झाले होते. १८४७ च्या सुमारास तरुण जोतीराव फुले यांनी टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेन जन्माने इंग्रज, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे ते प्रचारक. याच काळात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार या बाई मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या शाळा पाहून आपल्यावर प्रभाव पडला, असे फुले यांनी स्वतः नमूद केले आहे. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली ती या पार्श्वभूमीवर. (सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात फातिमा या सहकारिणीचा उल्लेख येतो, हे आपल्या मुलींना अवश्य सांगावे.)

१८६५ साली अमेरिकेने घटनादुरुस्ती करून गुलामगिरी कायद्याने बंद केली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील सज्जन लोकांना. का? तर तेथील लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, तोच कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत गिरवावा, ही त्यांची आशा. फुले यांनी अमेरिका पाहिली नव्हती. त्यांचे तिच्याविषयीचे चित्र जरा अधिकच उजळ होते, असेही म्हणता येईल. कारण मुक्त झालेल्या गुलामांची परवड तेथे पुढे कित्येक दशके संपली नाही. पण आपल्या घरचा प्रश्न हातात धरून परक्या देशाकडे कसे पाहावे, हे त्यांनी दाखवून दिले.

पंडिता रमाबाईंनी तर अमेरिका प्रत्यक्ष पाहिली. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई गेल्या आणि दोनेक वर्षे तेथे हिंडल्या. १८८९ साली त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती सांगणारे मराठी पुस्तक लिहिले. राज्यकारभार, शिक्षण, घरसंसार, व्यापार, स्त्रियांच्या संस्था, सारे त्यात आहे. स्त्रियांच्या संघटनाशक्तीचे त्यांना मनापासून कौतुक वाटले. तरी काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. माझ्या मते अमेरिकन संस्कृतीच्या अभ्यासाचे मराठीतील पहिले पाठ्यपुस्तक म्हणावे ते हेच. २००३ साली त्याची इंग्रजी भाषांतरे निघाली, तेव्हा खुद्द अमेरिकेतील अभ्यासकांनाही ते वाचणे शक्य झाले.

विद्यापीठांत मात्र हा विषय उशिरा आला. इंग्रजी अमदानीत इंग्रजी साहित्य म्हणजे इंग्लंडचे साहित्य. १९५० साली भारत-अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला, प्राध्यापकांची ये-जा वाढली. १९६४ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. गावोगावचे प्राध्यापक तेथे जाऊन मुक्काम ठोकून वाचन करीत. यामागे अमेरिकन सरकारचा हेतू निव्वळ ज्ञानदानाचा होता असे समजण्याइतके आपण भाबडे नाही. तो शीतयुद्धाचा काळ होता, आणि अमेरिकेचा गहूही त्याच दिवसांत आपल्या रेशनवर येत होता. पण ग्रंथालयाचे दार उघडले की आत शिरलेला माणूस कोणते पुस्तक उचलील, हे दार उघडणाराही सांगू शकत नाही! आपल्याकडे डॉ. म. ना. वानखडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी उचलले ते अमेरिकेतील काळ्या लोकांचे साहित्य. त्यांनी त्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली, तिचे नावही अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले.

आता सिनेमा. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. सतीश बहादूर यांनी चित्रपट-रसास्वाद हा शिकवण्याचा विषय केला, तर पी. के. नायर यांनी देशोदेशीचे चित्रपट जमवले, जपले. कॅम्पात तिकीट काढून इंग्रजी सिनेमा पाहणे वेगळे, आणि तोच सिनेमा थांबवून, प्रसंगाप्रसंगाने उलगडून पाहणे वेगळे. एकच उदाहरण देतो. ग्रिफिथ यांचा १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट तंत्राच्या दृष्टीने मैलाचा दगड मानला जातो. त्याच चित्रपटात काळ्या लोकांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला नायक केले आहे. कॅमेरा इतक्या कौशल्याने खोटे बोलू शकतो, हे वर्गात बसून शिकलेला विद्यार्थी पुढे कोणताही पडदा, अगदी हातातल्या मोबाइलचाही, डोळे झाकून मानणार नाही. एखाद्या समाजाला पडद्यावर कायम खलनायक म्हणूनच रंगवले जाते तेव्हा ते कसे घडते, हे ओळखण्याची गरज आपल्या मुलांना इतरांपेक्षा कमी नाही.

राहिला अब्बांचा प्रश्न. खात्रीची नोकरी या विषयात नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. एम.ए.नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात, बी.एड. केल्यास शाळेत शिकवता येते. भाषांतर, वृत्तपत्रे, चित्रपटांची उपशीर्षके लिहिणे, अशीही कामे मिळतात. फिल्म इन्स्टिट्यूटला प्रवेशपरीक्षा असते आणि जागा थोड्या. पालकहो, फॉर्म भरण्यापूर्वी एकदा मुलीला घेऊन महाविद्यालयात जा आणि कोणते ऐच्छिक पेपर यंदा प्रत्यक्ष शिकवले जाणार आहेत ते विचारा. माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक पेपर दरवर्षी चालतोच असे नाही.