अठराच का?

गोल्फची फेरी अठरा होलांचीच का, असं क्लबात कुणाला विचारलं की हमखास एक गोष्ट ऐकायला मिळते. व्हिस्कीच्या बाटलीत अठरा घोट मावतात, दर होलला एक. स्कॉटिश माणसाच्या नावावर सहज खपावी अशी थाप आहे. खरं कारण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावाच्या किनाऱ्यावरच्या एका चिंचोळ्या पट्टीत आहे.

समुद्र आणि शेतं यांच्यामधली ही वाळवट जमीन पिकाच्या कामाची नव्हती. मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे आणि गावकरी चेंडू मारायचे. 1552च्या सनदेनं आर्चबिशप हॅमिल्टनला इथं ससे पाळायची मुभा मिळाली, पण गावाचा खेळायचा हक्क शाबूत राहिला. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, त्यामुळे जायला आणि यायला वाट एकच. अकरा होल खेळत टोकाला जायचं आणि बहुतेक त्याच होलांवरून उलट खेळत परतायचं, अशी बावीसची फेरी. 1764 मध्ये, फारच आखूड वाटले म्हणून, सुरुवातीच्या चारांचे दोन केले. जाताना दोन घटले तसे येतानाही घटले. उरले अठरा. कुणी मुद्दाम ठरवलेला आकडा नव्हताच तो!

पुढे गर्दी वाढली. जाणारे आणि येणारे एकाच भोकापाशी समोरासमोर यायला लागले, तेव्हा एकाच हिरवळीवर दोन भोकं पाडली. आजही या पट्टीवरच्या ओल्ड कोर्सवर अशा सात जोडहिरवळी आहेत. दुसरा होल सोळाव्याबरोबर, पाचवा तेराव्याबरोबर. कुठल्याही जोडीची बेरीज अठराच भरते. जातानाच्या होलांवर पांढरे झेंडे, परतीच्या होलांवर लाल. फक्त अठराव्यावर पुन्हा पांढरा. पाचव्यावर नवखा पाहुणा चेंडू हिरवळीवर टाकून खुशीत चालत येतो, आणि झेंडा बघावा तर लाल. आपला पांढरा पार पलीकडे, मध्ये हिरवळीचं भलंमोठं अंतर.

बाकीच्या गावांचा हिशेब तेव्हा ज्याचा त्याचा होता. लीथला पाच होल, प्रेस्टविकला बारा, माँट्रोजला एकेकाळी तर पंचवीस. 1860ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकच्या बारांवर तीन फेऱ्या मारून झाली. पण नियमांच्या बाबतीत सेंट अँड्र्यूजच्या क्लबाचा शब्द चालायला लागला, तशी त्यांची अठराही सगळीकडे गेली. प्रेस्टविकनंसुद्धा नंतर सहा होल वाढवून घेतले.

सुट्टीत सेंट अँड्र्यूजला खेळायला जाणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं: ही जमीन आजही कुठल्या क्लबाच्या मालकीची नाही, गावाची आहे. हँडिकॅपचा दाखला असला की बाहेरच्यालाही सोडतीत नाव घालता येतं, खेळायच्या दोन दिवस आधी. रविवारी मात्र एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी अठराव्यावरून कुत्री फिरवतात, आणि त्यांना कुणी हटकत नाही.