अर्भकाचा निद्राभंग : रोग, खोड आणि विकासखूण

रात्री सलग झोपू लागलेले मूल पालथे पडण्याच्या, रांगण्याच्या किंवा धरून उभे राहण्याच्या सुमारास पुन्हा जागू लागते, हा अनुभव घरोघरचा आहे. अनुभव जुना असला, तरी त्यास दिलेली नावे कालपरत्वे बदलत गेली. जसे नाव, तसा उपाय, असा या विषयाचा गेल्या दीड शतकाचा इतिहास दिसतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत या जागरणास रोगाचे रूप मिळाले. दात येणे हाच मुळी घातक विकार समजला जाई. इंग्लंडच्या मृत्युनोंदींत बालमृत्यूचे कारण म्हणून त्याचा उल्लेख आढळतो. रोग ठरला, की औषध ओघानेच आले. १८४९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' या पेयात मॉर्फिन होते. त्याने मूल शांत झोपे; काही मुले त्या झोपेतून उठलीच नाहीत. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने अशा द्रव्यांचा वेष्टनावर उल्लेख करणे सक्तीचे केले. मुंबईतही हा प्रकार अपरिचित नव्हता. गिरणीत कामास जाणाऱ्या माता तान्ह्या मुलास अफूची 'बाळागोळी' देत. तेथे मात्र रोगाच्या समजुतीपेक्षा गिरणीच्या भोंग्याची सक्ती अधिक होती.

यानंतर 'रोग' मागे पडून 'खोड' हा शब्द पुढे आला. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एल. एमेट होल्ट यांनी १८९४ च्या आपल्या प्रश्नोत्तररूप पुस्तकात घड्याळाप्रमाणे निजविण्याचा आग्रह धरला. सवयीने रडणाऱ्या मुलास रडू द्यावे, असे सांगितले. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये मुलास कुरवाळण्यावरही आक्षेप घेतला. पूर्वी दोष दातांचा होता. आता तो आईच्या हळवेपणाचा ठरला.

या दोन्ही मतांस आव्हान मिळाले ते प्रत्यक्ष निरीक्षणातून. येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी १९११ पासून बालविकासाचा अभ्यास आरंभिला आणि पुढे चलच्चित्रांच्या साहाय्याने हालचालींचा क्रम नोंदविला. स्थैर्य आणि अस्थैर्य यांचे आवर्तन हा वाढीचाच धर्म होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५७ मध्ये मूर आणि उको यांनी लंडनमधील अर्भकांच्या रात्रीच्या जागरणाची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे सत्तर टक्के मुले तिसऱ्या महिन्यापर्यंत रात्री उठेनाशी झाली होती. परंतु त्यांपैकी पुष्कळ पहिल्याच वर्षात पुन्हा जागू लागली. म्हणजे झोपेची प्रगती सरळ रेषेत होत नाही. पुढे इस्राएलमध्ये अनात शेर यांनी २००५ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रांगण्याचा आरंभ आणि रात्रीची वाढलेली जाग यांचा संबंध दाखविला. नवे कौशल्य अंगवळणी पडत गेले, तशी झोपही पुन्हा स्थिरावत गेली.

या निष्कर्षांतून निघणारा व्यवहार साधा आहे. दिवसा मुलास जमिनीवर मोकळेपणाने रांगू व उठू द्यावे. पाळण्यात उभे राहिलेल्या मुलास पुष्कळदा खाली बसता येत नाही. ते त्यास दिवसाच शिकवावे. निजविण्याचा क्रम बदलू नये आणि रात्री दिवा, बोलणे व खेळ यांस मर्यादा घालावी. जागरणाचा भार घरातील एकाच व्यक्तीवर पडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. मात्र ताप, श्वासाचा त्रास किंवा दूध न घेणे ही लक्षणे असल्यास ती वाढीची खूण समजून स्वस्थ न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आज याच अवस्थेस 'स्लीप रिग्रेशन', म्हणजे झोपेची पीछेहाट, असे सर्रास म्हटले जाते. हा शब्द पूर्वीच्या दोन्ही शब्दांहून सौम्य असला, तरी निर्दोष नाही. मागे जाते ती फार तर झोप. मूल पुढेच जात असते. शब्दाने पीछेहाट सुचविली, की ती थोपविण्याचे उपाय शोधले जातात आणि त्यांची विक्रीही होते. ज्या अवस्थेस बहुधा काही आठवड्यांचा धीर आणि घरच्यांची साथ पुरते, तिला रोग व खोड समजून पूर्वी अर्भकांनी आणि मातांनी किती किंमत मोजली, हे ध्यानात ठेवूनच नवे नाव योजावयास हवे.