चित्रपत्रे आणि दुसऱ्याचे दुःख

दुसऱ्याच्या घरातील आकांत चित्ररूपाने विकत घेण्याची सवय वाचकाला कोठे लागली, हे शोधू लागलो म्हणजे आपण १८४२ सालच्या लंडनात जाऊन पोहोचतो. त्या वर्षी १४ मे रोजी हर्बर्ट इंग्रॅम या गृहस्थाने ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक काढले. किंमत सहा पेनी. इंग्रॅम मूळचा मुद्रक आणि वृत्तपत्रविक्रेता. चित्र असलेला अंक अधिक खपतो, हे त्याने आपल्या दुकानातच हेरले होते. पहिल्या अंकात हॅम्बुर्गच्या आगीचे चित्र होते. चित्रकार मात्र हॅम्बुर्गला गेलाच नव्हता! त्या शहराचे एक तयार चित्र ब्रिटिश म्युझियममधून घेऊन त्यावर ज्वाळा चढविल्या, झाले काम.

पुढे चित्रकार खरोखरीच जागेवर जाऊ लागले. आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ माजला, तेव्हा १८४७ च्या आरंभी जेम्स महोनी हा कॉर्कचा चित्रकार पत्रासाठी त्या मुलखात हिंडला. क्लोनाकिल्टी गावी त्याला एक बाई भीक मागताना दिसली. हातात तिचे मेलेले मूल होते आणि भीक त्याच्या शवपेटीसाठी होती. तिचे चित्र छापले गेले; नाव नाही.

अशी चित्रे लाकडावर कोरीत. लाकूड बॉक्सवुडचे, त्याचे तुकडे लहान. म्हणून अनेक ठोकळे जोडून मोठा ठसा करीत. घाई असली की ठोकळे सुटे करून वाटून देत. कोणी आकाश कोरी, कोणी भिंत, आणि चेहरे मुरलेल्या हाताकडे जात. लंडनमधल्या या कारागिरांनी ती बाई पाहिलेली नव्हती. महोनीच्या मजकुरातली माणसे हाडांचे सापळे आहेत. चित्रांतली तितकी वाळलेली आम्हांस तरी दिसत नाहीत.

परंतु २२ डिसेंबर १८४९ चा अंक पाहा. किलरश भागातील ब्रिजेट ओडॉनेल हिचे दोन मुलांसह चित्र त्यात आहे, अंगावर चिंध्या. येथे नाव आहे, आणि तिची हकीकत तिच्याच तोंडून दिली आहे. नवऱ्याकडे साडेचार एकर जमीन होती, खंड थकला. माणसे घर पाडावयास आली तेव्हा ती तापाने अंथरुणावर होती आणि दिवस गेलेले. अर्धे घर पाडून झाल्यावर शेजारच्या दोघी बायकांनी तिला उचलून बाहेर नेले. मूल मेलेलेच जन्मले. सगळे घर तापाने पडले असता तेरा वर्षांचा मुलगा भुकेने गेला. हा मजकूर काढून घेतला, तर ते चित्र कोणाही भिकारणीचे होईल, असे आम्हांस वाटते.

१८६४ मध्ये एका पेनीला ‘इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज’ निघाले. खून, आत्महत्या, अपघात हा त्याचा पहिल्या पानावरचा माल. तेथे बहुधा कल्पनेनेच भागे. त्याविषयी अधिक बोलण्याजोगे फारसे नाही.

इंग्रॅमला ते पत्र पाहावे लागले नाही. जहाजे बुडाल्याची चित्रे ज्याच्या पत्राने वर्षानुवर्षे छापली, तो अमेरिकेच्या प्रवासात असता ८ सप्टेंबर १८६० च्या पहाटे मिशिगन सरोवरात ‘लेडी एल्गिन’ ही आगबोट एका शिडाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. सुमारे तीनशे माणसे गेली. त्यांत इंग्रॅम होता, आणि बरोबर त्याचा थोरला मुलगा. त्याचे प्रेत लिंकनशायरातील बोस्टन या त्याच्या गावी आणून पुरले; १८६२ मध्ये तेथे त्याचा पुतळाही उभा राहिला.