आम्लाची जागा

नोकरीनिमित्त बंगळुरूला आलेल्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: इथली चिंच बाधते, आंबवलेल्या इडली-डोशाने पित्त होते. त्यावर दोन उपाय सुचवले जातात. आंबट बंद करा, नाहीतर ‘अल्कलाइन’ पाणी पिऊन शरीरातले आम्ल कमी करा. दोन्हींमागे समजूत एकच आहे: शरीरात आम्लाचा एक साठा असतो, अन्नाने तो वाढतो आणि वाढला की छातीत जळजळते. असा साठा शरीरात नाही. रक्त, लघवी, जठर आणि अन्ननलिका यांची आम्लता वेगवेगळी असते आणि ती राखणाऱ्या यंत्रणाही वेगळ्या. म्हणून आहाराचा कोणताही सल्ला तपासताना पहिला प्रश्न हाच, की हे बोलणे कुठल्या जागेच्या आम्लाविषयी आहे?

रक्त आणि लघवी

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. चयापचयातून रोज तयार होणारा सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात. प्रथिनांच्या विघटनातून उरणारे आणि वायुरूपाने बाहेर न जाणारे आम्ल त्यापुढे अगदी थोडे, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक मिलिमोल. ते मूत्रपिंडे काढून टाकतात. निरोगी माणसाने रोजच्या जेवणात आंबट-तिखट कितीही घेतले तरी रक्त हा पट्टा सोडत नाही. मूत्रपिंडे निकामी झाली किंवा मधुमेहात इन्शुलिनअभावी कीटोन साचले, तर मात्र तो सुटतो. आणि तेव्हा रुग्णालय गाठावे लागते, पथ्याने भागत नाही.

आहाराचा खरा परिणाम दिसतो तो लघवीत. कोणत्या अन्नाने मूत्रपिंडांवर किती आम्लभार पडतो, हे मोजण्याची पद्धत रेमर आणि मान्झ या संशोधकांनी १९९५ साली मांडली. तिच्यात मांस आणि चीज आम्लाच्या बाजूला पडतात, फळे-भाज्या अल्कलीच्या. आंबट लिंबूही अल्कलीच्याच बाजूला, कारण त्यातल्या सायट्रेटचे ज्वलन झाले की मागे बायकार्बोनेट उरते. म्हणजे जिभेला लागणारी चव आणि मूत्रपिंडांवर पडणारा भार यांचा मेळ बसेलच असे नाही. युरिक आम्लाचे खडे होणाऱ्यांना किंवा जुना मूत्रपिंडविकार असणाऱ्यांना हा हिशेब उपयोगी पडतो. छातीतल्या जळजळीशी त्याचा संबंध नाही.

जठर

जठरात आम्ल असणे हा दोष नव्हे. तिथल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे प्रथिने उलगडतात, पेप्सिन कामाला लागते आणि अन्नातून आलेले बरेच जंतू मरतात. जठराच्या पेशी आम्ल पोकळीत सोडतात तेव्हा तेवढेच बायकार्बोनेट रक्तात जाते. त्यामुळे जेवणानंतर रक्त काही काळ किंचित अल्कधर्मी होते. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाचे जठरातले आम्ल वाहून जाते आणि त्याचे रक्त अल्कधर्मी बनते. पोटात आम्ल वाढले म्हणजे शरीर आम्लीय झाले, हे समीकरण इथेच मोडते.

आता इडलीकडे पाहू. तांदूळ-उडदाचे पीठ रात्रभर आंबले की त्याचा पीएच सुमारे ४.५ पर्यंत उतरतो. रिकाम्या जठरातला रस दीड-दोनच्या आसपास असतो. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक, तेव्हा जठररस त्या पिठापेक्षा शेकडो पटींनी आम्लीय ठरतो. इडलीचा आंबटपणा त्यात भर ती काय घालणार! अल्कलाइन पाण्याचाही हिशेब करता येतो. बायकार्बोनेट विरघळलेले नसेल, तर पीएच ९ च्या एक लिटर पाण्यातली अल्कली पीएच २ च्या जेमतेम एक मिलिलिटर जठररसाला पुरते.

अन्ननलिका

मग जळजळ कशाने होते? जठराच्या आतील आवरणावर श्लेष्म आणि बायकार्बोनेटचा थर असतो, अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. दोहोंमधला स्नायूंचा वळसा सैल पडला की आम्ल वर चढते आणि आंबट ढेकर, जळजळ सुरू होते. पुष्कळदा आम्लाचे प्रमाण नेहमीचेच असते, जागा तेवढी चुकलेली असते. माधवनिदानातही आम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद दिशेवरूनच केले आहेत.

बंगळुरूच्या दिनक्रमात ही जागा चुकवणारी कारणे बरीच आहेत. लोण्यात भाजलेला बेण्णे डोसा चिंचेच्या सारापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो, कारण स्निग्धांशाने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि तो वळसाही सैलावतो. फिल्टर कॉफीने जठराचा स्राव वाढतो; काहींना ती बाधते, काहींना मुळीच नाही. अमेरिकेच्या वेळेवर चालणारी कामे आणि रहदारीतून उशिरा घरी पोचणे यांमुळे पोटभर जेवून लगेच आडवे होण्याची सवय लागते. पोटाचा घेर वाढला की जठरावरचा दाबही वाढतो.

व्रण

ग्रहणीचा, म्हणजे जठरापुढील आतड्याचा, व्रण हा वेगळा विषय. आणि त्याच्या अभ्यासात बंगळुरूशेजारच्या म्हैसूरचा वाटा आहे. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात काम केलेले शल्यविशारद फ्रँक टोवी यांनी भातखाऊ दक्षिणेत हा व्रण जास्त आणि गहू खाणाऱ्या उत्तरेत कमी का, याचा पाठपुरावा केला. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात चावण्याकडे बोट दाखवले: पोळी चावावी लागते, लाळ मिसळते, कालवलेला भात तसाच गिळला जातो. टोवी यांचा भर अन्नातल्या संरक्षक स्निग्ध घटकांवर होता. उंदरांवरील प्रयोगांत कुळथाचा, म्हणजे कन्नड घरातल्या हुरळीचा, अंश विशेष गुणकारी ठरला.

पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. पण या जंतूची लागण उत्तर आणि दक्षिण भारतात सारखीच सर्रास आढळते, म्हणून प्रदेशांतल्या फरकाचे उत्तर एकट्या जंतूत सापडत नाही. तरीही व्रणावरचा उपचार स्पष्ट आहे: जंतू आढळला तर प्रतिजैविके आणि आम्लरोधक औषधे, वेदनाशामक गोळ्या कारणीभूत असतील तर त्या बंद. उंदरांवरच्या प्रयोगाच्या आधारे कुळथाचे कढण हे त्याचे औषध ठरत नाही.

निष्कर्ष

यावरून पथ्याचा क्रम ठरतो. आधी जेवणाची वेळ: झोपेआधी दोन-तीन तास जेवण उरकावे. मग प्रमाण आणि लोणी-तेल, त्यानंतर वजन. रात्री त्रास होत असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी, डाव्या कुशीवर झोपावे. चिंच आणि इडली सर्वांत शेवटी, तीही दर वेळी स्वतःला बाधते असे दिसले तरच सोडावी. गिळताना अडकणे, काळा शौच, रक्ताची उलटी, विनाकारण वजन घटणे यांपैकी काही दिसले तर पथ्याचे प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर पोटाचा विचार बाजूला ठेवून आधी हृदय तपासून घ्यावे.