अ‍ॅलर्जीसाठी बदनाम झालेल्या गोल्डनरॉडचा चहा होतो, भजीही होतात. पण आधी रोप ओळखता आलं पाहिजे

ऑगस्ट संपत आला की अमेरिका आणि कॅनडात रस्त्याकडेला, पडीक शेतात, मोकळ्या माळावर पिवळ्याधमक तुऱ्यांचं रान माजतं. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे फूल शंभर वेळा पाहिलेलं असतं, नाव मात्र फारसं कुणी विचारलेलं नसतं. नाव आहे गोल्डनरॉड. आपल्याकडे हे रानात नाही, फुलवाल्याच्या दुकानात भेटतं. बुकेमध्ये गुलाबांच्या मागे बारीक पिवळ्या फुलांनी भरलेली काडी खोचलेली असते ना, ती बरेचदा हीच.

आता या गोल्डनरॉडच्या चहाचे आणि भजीचे रील्स फिरतायत. मग प्रश्न पडतो, हे खरंच खातात का? खातात. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी रीलमध्ये सांगत नाहीत आणि त्याच महत्त्वाच्या आहेत.

हे झाड आहे तरी काय?

गोल्डनरॉडचं शास्त्रीय नाव सॉलिडॅगो. कूळ सूर्यफुलाचं, म्हणजे झेंडू आणि शेवंतीचं. याच्या शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या. एक जात युरोपात पूर्वापार औषधी म्हणून वापरतात. सॉलिडॅगो हे नाव 'बरं करणं, सांधणं' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय.

झाड बहुवर्षायू. थंडीत वरचा भाग वाळतो, जमिनीखालचे कंद-मुळं जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतात. म्हणूनच एकदा बसलं की हटत नाही. युरोप आणि चीनमध्ये बागेसाठी नेलेली कॅनडाची जात आज तिथे डोकेदुखी झाली आहे.

अ‍ॅलर्जीचा आळ

अमेरिकेत सप्टेंबरमध्ये शिंका आणि डोळ्यांना खाज सुरू झाली की लोक या पिवळ्या फुलाकडे बोट दाखवतात. खरा गुन्हेगार दुसराच असतो. त्याचं नाव रॅगवीड, आपल्या गाजर गवताचं जवळचं नातलग.

गोल्डनरॉडचे परागकण जड आणि चिकट असतात. ते वाऱ्यावर उडत नाहीत, मधमाश्यांच्या पायाला चिकटून जातात. रॅगवीडचे परागकण हलके, आणि त्याचं एक रोप एका हंगामात अब्जावधीच्या घरात कण हवेत सोडू शकतं. दोघं फुलतात एकाच वेळी. रॅगवीडची फुलं हिरवी, नजरेत न भरणारी. म्हणून चोर सुटतो आणि समोर दिसणारा पकडला जातो.

चहाच्या बंडातला चहा

१६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या. ही तीच कंपनी, जिच्याशी १७७५ मध्ये मराठ्यांचं पहिलं युद्ध सुरू झालं. त्या काळात अमेरिकन वसाहतींमध्ये कंपनीचा चहा पिणं म्हणजे गद्दारी, असं वातावरण होतं. मग लोक रानातली पानं-फुलं उकळून प्यायला लागले आणि त्याला 'लिबर्टी टी' म्हणायला लागले. त्यात गोल्डनरॉडची एक सुगंधी जात होती. तिचं पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो. पुढे १८१४ मध्ये फ्रेडरिक पर्श या वनस्पतीशास्त्रज्ञाने नोंदवलं की हा चहा चीनलाही निर्यात होत होता. चहाच्या माहेरी चहा पाठवण्याचा प्रकार!

आणखी एक गोष्ट. १९२७ मध्ये थॉमस एडिसनने हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांच्यासोबत देशी रबर शोधायला कंपनी काढली. हजारो वनस्पती तपासल्यावर त्याने निवडलं ते गोल्डनरॉड. १९३१ मध्ये एडिसन गेला आणि पुढे ते रबर कधी बाजारात आलं नाही.

ओळखायचं कसं?

एका खुणेवर विसंबू नका. सगळ्या खुणा जुळल्या पाहिजेत.

- काल : उन्हाळ्याच्या शेवटापासून शरद ऋतूपर्यंत फुलं.
- फुलं : एकेक फूल अगदी बारीक, काही मिलिमीटरचं. अशी शेकडो फुलं मिळून तुरा होतो. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाला छोट्या पाकळ्या दिसतात.
- पानं : लांबट, अखंड, देठावर एकाआड एक. कडा सरळ किंवा बारीक दातेरी. फाटल्यासारखी कधीच नसतात.
- देठ : सरळ उभा. कधी कधी त्यावर गोल गाठ दिसते. ती एका माशीच्या अळीचं घर असते.

गल्लत कुणाशी होते?

पहिला धोका रॅगवर्टचा. फुलं पिवळी, कूळ तेच, पण फूल मोठं आणि छोट्या डेझीसारखं, गुच्छ वरून सपाट आणि पानं खोल कातरलेली. याच्यातलं विष यकृतावर हल्ला करतं. हे विष वाळवल्याने जात नाही आणि थोडं थोडं पोटात गेलं तरी नुकसान साठत जातं. 'काल प्यायलो, काही झालं नाही' हा पुरावा इथे चालत नाही.

दुसरा धोका टेक्सास, न्यू मेक्सिको भागातला. तिथे 'रेलेस गोल्डनरॉड' नावाचं झुडूप उगवतं. नावात गोल्डनरॉड, पण वंश वेगळा. त्याच्या फुलाला बाहेरच्या पाकळ्या नसतात. ते खाल्लेली जनावरं थरथरतात आणि विष दुधातून पुढे जातं. त्याच जातीचं विष असलेल्या एका पांढऱ्या फुलाच्या झाडामुळे अमेरिकेत एकेकाळी 'मिल्क सिकनेस'ने माणसं मेली. अब्राहम लिंकन यांची आई १८१८ मध्ये गेली ती याच आजाराने, असं मानलं जातं.

ओळख शंभर टक्के पटली नाही तर तोडू नका. मोबाईलच्या अ‍ॅपने दिलेलं नाव हा अंदाज असतो. स्थानिक जाणकाराला रोप प्रत्यक्ष दाखवा.

तोडायचं कधी आणि करायचं काय?

कोवळी पानं वसंतात घेतात. ती उकळून, पाणी काढून, पालकासारखी परततात. जून पानं कडू आणि तुरट लागतात. ज्यावर तांबेऱ्याचे ठिपके किंवा पांढरी भुरी आहे ती सोडून द्यायची.

फुलं नुकती उमलत असताना तोडायची. उशीर झाला तर वाळताना त्यांचा कापूस होतो. सावलीत उलटं टांगून वाळवायची आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायची. चहासाठी कपाला एक-दोन चमचे वाळलेली फुलं, वर उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण, मग गाळून मध. ताजे तुरे पिठात बुडवून तळतात, आपण भोपळ्याच्या फुलांची भजी करतो तशीच.

पहिल्यांदा दोन घोटच घ्या आणि एक दिवस थांबा.

कुणी घेऊ नये?

झेंडू, शेवंती, गाजर गवत किंवा रॅगवीडची अ‍ॅलर्जी असेल तर लांब राहा. परागकण हवेत उडत नसले तरी हाताळल्याने आणि पोटात गेल्याने त्रास होऊ शकतो.

युरोपात हे लघवीला साफ होण्यासाठी वापरतात. म्हणूनच हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे अंगावर सूज असणाऱ्यांनी घेऊ नये. लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी टाळलेलं बरं. मूतखड्यावर किंवा जळजळीवर औषध सोडून हा काढा पीत बसू नका.

कुठून घेऊ नये?

हायवेच्या कडेचं, रेल्वे रुळाजवळचं, तणनाशक मारलेल्या जागेतलं नको. अमेरिकेत अनेक उद्यानांमध्ये झाडाला हात लावण्यावर बंदी असते, त्यामुळे तिथला नियम वाचा. आणि पुण्या-मुंबईतल्या भिडूंनो, बुकेमधली काडी काढून चहात टाकू नका. ती फुलं शोभेसाठी वाढवलेली असतात. त्यांच्यावर काय फवारलंय ते खाण्याच्या हिशेबाने कुणी तपासलेलं नसतं.

शेवटचं म्हणजे, ओरबाडू नका. थंडीच्या तोंडावर मधमाश्या हिवाळ्याची बेगमी याच फुलावर करतात आणि मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं वाटेत इथेच मध पितात. प्रत्येक झुडपाचे एक-दोन तुरे घेतले तर तुमची बरणी भरते आणि त्यांचाही प्रवास होतो.