जामीनदार, पंच आणि अर्धवट राहिलेलं काम

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. कंत्राटदार आणि मालक लवादापुढे भांडत असताना, निवाडा लागायच्या आधीच बँक हमीचे पैसे देऊन मोकळी कशी होते? प्रश्न आजचा आहे, पण त्यासाठी आपल्याला बरंच मागे जावं लागेल.

मराठेशाहीतले वतनाचे, वाटणीचे तंटे आठवा. गोतसभा किंवा पंचायत बसायची, तेव्हा वादी-प्रतिवादींकडून आधी राजीनामा लिहून घेत. पंच सांगतील ते मान्य, असा त्याचा अर्थ. (आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा कागद, तेव्हा तो राजी असल्याचा कागद होता!) त्यासोबत दोन्ही पक्षांनी जामीन द्यायचा. माणूस हजर राहील याचा तो हाजिरजामीन, पैशाची जबाबदारी घेणारा तो मालजामीन, आणि निवाडा पाळला जाईल याचाही जामीन. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात ही सगळी कार्यपद्धती आलेली आहे. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की निवाडा पाळला जाण्यासाठी दिलेला जामीन पंचायतीच्या कामाचाच भाग होता. तो गावातला, ओळखीचा, आणि निवाडा अंमलात यावा यासाठीच उभा राहिलेला माणूस.

इंग्रजी अमलात एल्फिन्स्टनच्या काळच्या १८२७च्या मुंबई रेग्युलेशनांमध्ये लवादासाठी वेगळं सातवं रेग्युलेशन होतं. म्हणजे पंच राहिले. जामीनदाराचं मात्र इंग्रजी कायद्याच्या वाटेनं काहीतरी निराळं झालं.

त्यासाठी थोडं लंडनला जाऊ. १८३८ साली लंडन डॉक कंपनीचा एक खटला झाला, काल्व्हर्ट विरुद्ध लंडन डॉक कंपनी. गोदीच्या कामाचा करार होता. जसजसं काम होईल तसतसे तीन-चतुर्थांश पैसे द्यायचे, आणि एक-चतुर्थांश काम पुरं होईपर्यंत राखून ठेवायचे. कंपनीनं कंत्राटदाराला ठरल्यापेक्षा जास्त पैसे आधीच देऊन टाकले. कंत्राटदार काम टाकून बसला, तेव्हा कंपनी जामीनदारांकडे वळली. कंपनीचं म्हणणं ऐकायला अगदी गोड आहे: आम्ही कंत्राटदाराला मदतच केली, मग जामीनदारांचं नुकसान कुठं झालं? कोर्टानं ते मानलं नाही. राखून ठेवलेला तो चौथा हिस्सा हाच कंत्राटदाराला कामावर टिकवणारा चाबूक होता, आणि जामीनदाराचा आधारही. तो सोडून दिलात, तर जामीनदार सुटला.

आपला १८७२चा करार कायदा उघडला की कलम १३९च्या खाली हाच विचार एका उदाहरणात भेटतो. जहाज बांधायचं आहे, हप्ते कामाच्या टप्प्यांवर ठरलेत, आणि मालक जामीनदाराला न कळवता शेवटचे २ हप्ते आधीच देतो. जामीनदार मुक्त! कलम १३४खालचं उदाहरण तर थेट घरबांधणीचं. लाकूड मालकानं पुरवायचं होतं, त्यानं पुरवलं नाही. कंत्राटदाराचा जामीनदार सुटला. आम्हाला ही दोन उदाहरणं फार आवडतात, कारण साइटवरची भांडणं आजही याच दोन गोष्टींवर होतात: पैसे केव्हा दिले, आणि माल कुणी आणायचा होता.

पण याच कायद्यात कलम १२८सुद्धा आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की धनकोनं आधी ऋणकोच्या मागे लागून दमावं आणि मगच जामीनदाराकडे यावं, असं काही नाही.

मग लवादाचा निवाडा जामीनदाराला बांधतो का? १८८१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं रि किचिन या प्रकरणात नाही म्हणून सांगितलं. जो लवादापुढे पक्षकार नव्हता आणि ज्यानं तसं कबूल केलं नव्हतं, त्याच्यावर दोघांमधला निवाडा लादता येत नाही. त्याच्याविरुद्ध दावा पुन्हा सिद्ध करावा लागतो. आता बघा, आपल्या पंचायतीतल्या जामिनाच्या हे बरोबर उलट झालं. तो निवाड्याच्या आत होता, हा बाहेर.

मालक मंडळींना हे परवडणारं नव्हतं. सगळं दोनदा सिद्ध कोण करणार? तेव्हा माणूस-जामीन मागे पडून बँक गॅरंटी पुढे आली. तिच्यात शब्दच असे घालायचे, की मागणी येताच, काहीही वाद न घालता पैसे द्यावे. उत्तर प्रदेशातल्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या उभारणीत हे प्रकरण पेटलं. १६ लाख ५० हजारांची एक हमी, ३३ लाखांची दुसरी. करारात लवादाचं कलम होतं, वादही खरा होता. तरी १९८७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बँकेचा करार स्वतंत्र आहे, तिनं पैसे द्यावेत. उघड लबाडी किंवा कधीच भरून न येणारा अन्याय असेल, तरच कोर्ट मध्ये पडेल. म्हणजे आधी पैसे, मग भांडण. खऱ्या वादात सापडलेल्या लहान कंत्राटदाराचं खेळतं भांडवल एका पत्रानं जातं, आणि निवाडा पुढे कधीतरी येतो. आम्हाला हा तोल मालकाकडे फार झुकलेला वाटतो. पण हमीचे शब्द कंत्राटदारानं मान्य केलेले असतात, हेही खरंच.

शब्दांचीच गंमत १९९९ साली दिसली. वालचंद हिराचंदांनी उभी केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी एका बाजूला, बिहार सरकार दुसऱ्या बाजूला. सुवर्णरेखा प्रकल्पाचं काम, आणि आगाऊ रकमेसाठी दिलेली बँक हमी. सुरुवातीला ती बिनशर्त वाटत होती, पण पुढच्याच ओळीत करारातल्या कलमाचा उल्लेख करून अट घातलेली होती. न्यायालयानं हमी सशर्त ठरवली. वर आणखी एक गोष्ट निघाली. हमी चीफ इंजिनिअरच्या नावे होती, आणि पैसे मागणारं पत्र पाठवलं होतं एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरनं. तेवढ्यावरही ती मागणी चुकीची ठरली.